शेतकऱ्यानें जुनी मोटरसायकल बाळगावी काय ?

आमच्या मंडळाच्या सभासदांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. रोज डेअरीला दूध घालावयाचें, बाजारपेठेच्या गांवीं जाऊन खत-बियाणें आणावयाचें, रात्रीं मळ्यांतील पंप चालू करून यावयाचें, या सर्वांसाठीं वाहन तर हवेंच. परंतु नव्या मोटरसायकलीची किंमत आतां एखाद्या दुभत्या म्हशीच्या किंमतीशीं बरोबरी करूं लागली आहे. अशा स्थितींत कर्ज काढून नवी गाडी घ्यावी, कीं रोख पैसे देऊन पंचवीस-तीस वर्षांची जुनी गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत गोठ्याकडे पहावें, हा तो प्रश्न होय. जुनी गाडी सर्वांनाच लाभते असें नाहीं. तशीच ती सर्वांना बुडवितेच असेंहि नाहीं. कोणास लाभते व कोणास बुडविते, हें समजावें म्हणून प्रस्तुत लेखांत या विषयाचा क्रमशः विचार केला आहे.

जुन्या गाड्यांचे दोन वर्ग

आपल्या खेड्यापाड्यांत आजहि चालतांना दिसणाऱ्या जुन्या मोटरसायकलींचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्यांचा. यांत अग्रमान ‘राजदूत’ या गाडीस द्यावा लागेल. पोलंड देशांतील ‘एस्.एच्.एल्. एम्-११’ या गाडीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीनें १९६२ च्या सुमारास ही गाडी आपल्या देशांत तयार करण्यास प्रारंभ केला. १७३ घन सेंटिमीटरांचें एकच नळकांडें, जाड पत्र्याची टाकी आणि मजबूत सांगाडा यांमुळें दूधवाल्यांची व शेतकऱ्यांची गाडी म्हणून तिचें नांव झालें. दुसरा वर्ग फोर-स्ट्रोक गाड्यांचा. १९८४ सालीं हीरो व जपानची होंडा यांची भागी होऊन १९८५ सालीं ‘सी.डी. १००’ ही ९७.२ घन सेंटिमीटरांची गाडी बाजारांत आली. थोड्या पेट्रोलवर पुष्कळ पल्ला देणारी म्हणून ती मध्यम स्थितींतील नोकरदार व शेतकरी या दोघांनाहि मानवली. पुढें दोन्ही कंपन्या विभक्त झाल्या. परंतु त्या इंजिनाच्या घडणीच्या गाड्या दीर्घकाळ निघत राहिल्यामुळें त्यांचे पुष्कळसे सुटे भाग आजहि तालुक्याच्या गांवीं मिळतात. ही गोष्ट खरेदीच्या वेळीं मोठ्या महत्त्वाची आहे.

दोन इंजिनांतील फरक

टू-स्ट्रोक इंजिनांत दट्ट्या एकदां वर व एकदां खालीं आला, म्हणजे आंसाचा एक फेरा झाला, कीं एक स्फोट होतो. त्यास झडपा नाहींत. नळकांड्याच्या भिंतीस ठेविलेल्या वाटा दट्ट्याच स्वतः उघडतो व झांकतो. भाग थोडे असल्यामुळें तें खोलणें व जोडणें सोपें. परंतु यांत दोन उणीवा आहेत. एक तर जळलेला वायु बाहेर पडत असतां त्याबरोबर थोडें ताजें पेट्रोलहि न जळतां निघून जातें. दुसरें असें कीं, पेट्रोल-हवेचें मिश्रण दट्ट्याखालील पेटींतूनच वर जात असल्यामुळें तेथें वेगळें वंगण सांठवून ठेवतां येत नाहीं. राजदूतसारख्या गाडींत तें पेट्रोलमध्येंच मिसळून घालावें लागतें. तें घालण्यास चुकलें, तर दट्ट्या तापून नळकांड्यांत घट्ट बसतो आणि चालत्या गाडीचें मागील चाक एकदम अडकतें. हा केवळ खर्चाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनांत दट्ट्याच्या चार हालचालींस, म्हणजे आंसाच्या दोन फेऱ्यांस, एक स्फोट होतो. शोषण, दाब, स्फोट व उत्सर्ग हीं चार कामें स्वतंत्रपणें होत असल्यामुळें पेट्रोल वायां जात नाहीं. वंगण खालच्या पेटींत वेगळें असतें. मात्र झडपा, त्यांची साखळी व त्यांना हलविणारे भाग यांमुळें रचना अधिक नाजूक असते, आणि कसबी हाताशिवाय तिला हात लावूं नये हें बरें.

पेट्रोलचा हिशेब

एक उदाहरण घेऊं. रोजची फेरी ३० किलोमीटर व वर्षांत ३०० दिवस धरले, तर वर्षाचे ९,००० किलोमीटर होतात. फोर-स्ट्रोक जुनी गाडी चांगल्या स्थितींत लिटरला ५० किलोमीटर चालते असें धरल्यास १८० लिटर पेट्रोल लागेल. टू-स्ट्रोक गाडी लिटरला ३५ किलोमीटर चालते असें धरल्यास सुमारें २५७ लिटर लागेल. अंतर ७७ लिटरांचें. लिटरचा भाव १०५ रुपये धरला, तर हें अंतर वर्षाला ८,००० रुपयांवर जातें. शिवाय लिटरमागें ४० मिलिलिटर वंगण मिसळावयाचें म्हटलें, तर वर्षाला दहा लिटर वंगणाची भर पडते ती निराळीच. म्हणून घेतांना स्वस्त पडलेली टू-स्ट्रोक गाडी रोजच्या लांब फेरीला दोन-तीन वर्षांतच महाग पडते. उलट घरापासून मळ्यापर्यंत दोन-चार किलोमीटरच जाणें असेल, तर हें अंतर नगण्य होतें व तिचा साधेपणा उपयोगीं पडतो. प्रत्येकानें आपल्या फेरीचे किलोमीटर मांडून हा हिशेब स्वतः करून पहावा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊं नये.

खरेदीपूर्वीं पाहणी

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. गाडीचीहि तशीच परीक्षा करावी.

प्रथम, गाडी पाहण्यास जाण्यापूर्वीं विकणाऱ्यास सांगावें कीं, ती सकाळपासून चालूं करूं नये. तेथें पोहोंचतांच इंजिनास हात लावून पहावा. तें गरम असेल, तर थंड गाडी सहज चालूं होत नसावी असा संशय धरण्यास जागा आहे. थंड इंजिन तीन-चार किकांत चालूं झालें पाहिजे.

दुसरें, धूर पहावा. फोर-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरांतून सतत निळसर धूर येत असेल, तर दट्ट्याच्या कड्या व नळकांडें झिजून वंगण जळत आहे असें समजावें. वेग कमी करून पुन्हा वाढवितांनाच तेवढा निळा धूर येत असेल, तर दोष बहुधा झडपांच्या सीलांत असतो व त्याची दुरुस्ती त्या मानानें थोडक्यांत होते. टू-स्ट्रोक गाडी थोडा धूर देणारच; परंतु धूर अतोनात असून गिअरपेटींतील तेलहि वरचेवर कमी होत असेल, तर आंसाचें सील गेलेलें असतें.

तिसरें, सांगाडा पहावा. पुढील दांडा जेथें सांगाड्यांत बसतो त्या मानेपाशीं चीर, नवी झाळ किंवा नवा रंग दिसला, तर ती गाडी कोठें तरी जोरानें आदळलेली आहे असें मानून परत फिरावें. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक दोन्ही हातांनीं आडवें हलवून पहावें. ढिलें असल्यास बेअरिंग झिजलें आहे. आऱ्यांवर पान्यानें टिचकी मारीत जावें. एखादा आरा इतरांसारखा न वाजतां बद्द वाजला, तर तो सैल आहे. टाकीचें झांकण काढून विजेरीनें आंत पहावें. टाकी बाहेरून कितीहि चकचकीत असली, तरी आंतील गंजाचे कण पुढें कार्बुरेटरांत जाऊन बसतात.

कागदपत्रें

आमच्या पाहण्यांत जुन्या गाडीनें बुडालेले जे लोक आले, ते इंजिनामुळें थोडे व कागदांमुळें अधिक बुडाले. म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

नोंदणीपुस्तकांतील इंजिनाचा व सांगाड्याचा नंबर गाडीवरील नंबरांशीं अक्षर न् अक्षर ताडून पहावा. नंबर घासलेला वा पुन्हा ठोकलेला दिसल्यास भाव कितीहि कमी असो, व्यवहार करूं नये. गाडीवर जुनें कर्ज नोंदलेलें असल्यास तें फेडल्याची नोंद नमुना ३५ नें झाली आहे कीं नाहीं, तें विचारावें.

खाजगी वाहनाची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षें चालते. त्यानंतर गाडी परिवहन कचेरींत दाखवून ती दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. त्यासाठीं नमुना २५ मधील अर्ज मुदत संपण्यापूर्वींच्या ६० दिवसांत करतां येतो. मुदत टळल्यास दंड महिन्याच्या हिशेबानें चढतो. २० वर्षांहून जुन्या मोटरसायकलीच्या नूतनीकरणाची फी केंद्र सरकारनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें २,००० रुपये केली. त्याखेरीज महाराष्ट्रांत जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. तेव्हां नोंदणी संपून कित्येक वर्षें गोठ्यांत पडलेली गाडी पांच हजारांस मिळाली, तरी ती रस्त्यावर आणण्याचा खर्च तिच्या किंमतीपेक्षां अधिक होऊं शकतो. हा आंकडा आधीं कचेरींत विचारून मगच भाव ठरवावा. १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या वाहनांस उच्च सुरक्षा नंबरपट्टी बसवावी लागते, आणि जुन्या गाडीस धुराच्या तपासणीचा दाखला दर सहा महिन्यांनीं घ्यावा लागतो, याचीहि आठवण ठेवावी. तृतीय पक्षाचा विमा तर कायद्यानें सक्तीचाच आहे.

आतां विकणाऱ्यासाठीं दोन शब्द. खेड्यांत पुष्कळ गाड्या शंभर रुपयांच्या कागदावर सही करून, किंवा नुसत्या शब्दावर, या हातांतून त्या हातांत जातात; नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नांवें राहते. मोटर वाहन कायद्याप्रमाणें विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत व घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत कचेरीस कळविलें पाहिजे. नमुना २९ व ३० त्यासाठींच आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालच्या एका निकालांत असें स्पष्ट केलें कीं, गाडी प्रत्यक्षांत दुसऱ्यास विकलेली असली, तरी नोंदणींत ज्याचें नांव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, व अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. चार वर्षांपूर्वीं आठ हजारांस विकलेल्या गाडीसाठीं कोणाची जमीन गहाण पडण्याची वेळ येऊं नये, म्हणून आप्तेष्टांस गाडी दिली तरीहि नांव बदलल्याशिवाय राहूं नये. येथें भिडेस स्थान नाहीं.

‘व्हिंटेज’ नोंदणीचा मोह

५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ च्या जुलैमध्यें निराळे नियम केले. अशा गाडीस ‘व्ही ए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. प्रथम नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, आणि पुन्हा नोंदणीस ५,००० रुपये पडतात. १९७० च्या आसपासच्या राजदूत गाड्या आतां या वयांत बसूं लागल्या आहेत, व त्यामुळें कांहीं जणांना ही नोंदणी भूषणावह वाटते. परंतु या नोंदणीची गाडी प्रदर्शन, दुरुस्ती, मिरवणूक अशा प्रसंगींच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या वा धंद्याच्या कामास ती वापरतां येत नाहीं. ज्यास रोज डेअरीला जावयाचें आहे, त्यानें आपली साधी नोंदणीच दर पांच वर्षांनीं चालूं ठेवावी. हौस व उपयोग या दोन गोष्टी येथें सरकारनेंच वेगळ्या केल्या आहेत.

मद्यार्कमिश्रित पेट्रोल

ऊसकरी सभासदांस हा भाग विशेष जवळचा वाटेल. आपल्या उसापासून कारखान्यांत जें इथेनॉल होतें, तेंच आतां पेट्रोलमध्यें मिसळून आपल्या टाकींत येतें. २०२२ सालीं हें प्रमाण शेंकडा १० झालें व २०२५ सालीं शेंकडा २० वर गेलें. उसाच्या भावाच्या दृष्टीनें हें आपणांस हितावह आहे यांत संशय नाहीं. परंतु १९८५ किंवा १९९५ सालची गाडी या मिश्रणासाठीं घडविलेली नव्हती, हेंहि तितकेंच खरें.

इथेनॉलमध्यें पेट्रोलपेक्षां लिटरमागें सुमारें एक तृतीयांश शक्ति कमी असते. म्हणून शेंकडा २० मिश्रणांत एकूण शक्ति शेंकडा ६-७ नें घटते, व पल्ला थोडा कमी भरतो. दुसरा परिणाम रबरावर होतो. जुन्या कार्बुरेटरांतील सीलें व पेट्रोलची नळी फुगतात, मऊ पडतात किंवा कालांतरानें तडकतात. तिसरी गोष्ट, इथेनॉल हवेंतील ओल ओढून घेतें. ओल फार झाली, कीं पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून अलग होतात आणि टाकीच्या तळाशीं बसतात. प्रस्तुत लेखकानें स्वतःची अशीच एक जुनी गाडी अर्ध्या टाकीनिशीं आषाढापासून दिवाळीपर्यंत छपराखालीं उभी ठेविली. पुढें ती चालूं होईना. कार्बुरेटर खोलला तेव्हां वाटींत पांढुरका साका व जेटांत गंजाची माती सांपडली. दोष माझ्या आळसाचा होता.

यावर उपाय सोपे आहेत. जुनी गाडी घेतांच पेट्रोलची नळी व कार्बुरेटरांतील रबरें नव्या मिश्रणास टिकणारीं अशीं बदलून घ्यावीं. गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी रहावयाची असेल, तर पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालूं द्यावें, म्हणजे कार्बुरेटरची वाटी रिकामी होते. पावसाळाभर उभी ठेवावयाची तर टाकीहि रिकामी करून कोरडी ठेवावी. घरीं कॅनमध्यें पेट्रोल सांठवूं नये. तें नासतें, आणि आगीचें भय तर आहेच.

नित्याची निगा

रोज निघण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक, दिवा, भोंगा व टायरांतील हवा पहावी. आठवड्यास साखळी पुसून वंगण द्यावें. दोन चाकांच्या मध्यभागीं ती वर-खालीं सुमारें २५ मिलिमीटर हलावी, याहून फार ताणूं नये व फार सैलहि सोडूं नये. हवेची जाळी धुळीच्या दिवसांत वरचेवर साफ करावी. मळणीच्या हंगामांत तर दर आठवड्यास. जाळी बुजली कीं पेट्रोल अधिक जळतें, आणि फाटली कीं धूळ आंत जाऊन नळकांडें घासलें जातें.

सी.डी. १०० सारख्या इंजिनांत मोटारीप्रमाणें बदलावयाचा कागदी तेलफिल्टर नाहीं. एक बारीक जाळी व वेगानें फिरून गाळ बाजूस टाकणारी एक चकती, एवढ्यावरच तेलाची शुद्धता अवलंबून असते. म्हणून तेल वेळच्या वेळीं, दोन ते तीन हजार किलोमीटरांस, बदलावें. तें सुमारें एक लिटरच लागतें. तेथें काटकसर करून हजारोंचें इंजिन घालवूं नये. ट्रॅक्टरसाठीं आणलेल्या डब्यांतील उरलेलें तेल मोटरसायकलींत ओतण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे, ती सोडावी. मोटरसायकलीचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो, आणि त्याला न मानवणारें तेल पडलें कीं तो घसरूं लागतो. टू-स्ट्रोक गाडींत वंगण मोजून घालावें, अंदाजानें नव्हे. तसेंच तिच्या सायलेन्सरांतील काजळी वर्षांतून एकदां काढावी, नाहींतर गाडी चढावर दम सोडते.

ओझें व रात्र

दूध लिटरमागें १ किलोहून किंचित अधिक भरतें. २० लिटरांच्या दोन किटल्या दोन्ही बाजूंस टांगल्या, कीं दुधाचेंच वजन ४१ किलो झालें. किटल्या व लोखंडी कडें निराळें. याखेरीज मागें माणूस बसवूं नये. हें सर्व ओझें मागील चाकावर पडतें, पुढील चाक हलकें होतें आणि पुढचा ब्रेक हवा तसा धरीत नाहीं. जुन्या गाड्यांस ड्रम ब्रेक असतात. ओढ्याच्या पाण्यांतून गेल्यावर ते कांहीं वेळ मुळींच लागत नाहींत. पाण्यांतून निघतांच हळू चालवीत ब्रेक दोन-चारदां हलकेच दाबून वाळवून घ्यावा.

जुन्या गाडीचा दिवा मंद असतो. ऊसतोडणीच्या हंगामांत रात्रीं रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या, मागें दिवा वा चकाकणारी पट्टी नसलेल्या ट्रॉलीवर आदळून माणसें दगावतात, हें आपण दरवर्षीं ऐकतों. मोटरसायकलवाल्यानें दिवा दुरुस्त ठेवावा, शिरस्त्राण घालावें व अंधारांत वेग आवरावा. आणि आपली ट्रॉली रस्त्यावर लावणाऱ्या ऊसवाल्यानेंहि मागें लाल पट्ट्या लावाव्या. एकच शेतकरी सकाळीं पहिल्याच्या व रात्रीं दुसऱ्याच्या जागीं असतो.

कोणीं घ्यावी, कोणीं घेऊं नये

ज्याची फेरी लहान वा मध्यम आहे, ज्याच्या गांवीं त्या गाडीची माहिती असलेला एक तरी कारागीर आहे, ज्याचे कागद स्वच्छ होऊं शकतात आणि ज्यास आठवड्यांतून अर्धा तास गाडीजवळ बसण्याची संवय आहे, त्यानें जुनी फोर-स्ट्रोक गाडी खुशाल घ्यावी. तीस वर्षांची गाडी कर्जाचा हप्ता वांचविते, ही काय लहान गोष्ट आहे ? परंतु वांचलेल्या हप्त्यांतून दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवावी; टायर, साखळी, क्लच हे खर्च एकदम येतात व न विचारतां येतात.

ज्याची नोकरी वा दुधाचा रतीब गाडीच्या एका दिवसाच्या नादुरुस्तीनें बुडतो, ज्यास रोज पन्नास-साठ किलोमीटर जावें लागतें, किंवा ज्याच्या घरची मुलगी पहांटे वा सायंकाळीं एकटीच त्या गाडीवर कॉलेजास जाते, त्यानें स्वस्ताईच्या मोहांत पडूं नये. त्यास नवी, किंवा चार-पांच वर्षें वापरलेली गाडीच बरी.

सभासदांनीं जुनी गाडी घेण्यापूर्वीं नोंदणीपुस्तकाची नक्कल व आपल्या रोजच्या फेरीचा हिशेब या दोन गोष्टी कागदावर मांडाव्या आणि एक रात्र मध्यें जाऊं द्यावी. दुसऱ्या दिवशीं सकाळींहि सौदा पटत असेल, तर गाडी थंड असतांनाच पाहण्यास निघावें.